गायधनीकाकांचा मुका व्हिडिओ

विश्वनाथ गायधनी या माणसाला आयुष्यभर संशय घेण्याचा पगार मिळत होता, असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं मी चेष्टा करते. चेष्टा मी करतेच, पण गोष्ट खरी आहे. आमच्या लंडनमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या नव्हे, कॅनडातल्या ऑन्टारिओच्या, मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला असल्याची खात्री पटली तरच पुढे सोडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण डोक्यातला पट्टा काही थांबला नाही. त्यावरून सुटे भाग यायचे बंद होऊन माणसं यायला लागली, एवढाच फरक.

मी त्यांच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते, भिंतीला भिंत लागून. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नोकरी करते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गायधनीकाकांनी पहिला प्रश्न विचारला होता, "देवयानी, तुमच्या वायफायचं नाव आमच्या घरात का दिसतं?" मी म्हटलं, काका, तुमचं आमच्या घरात दिसतं तसंच. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू गुन्हा कबूल केला. गॅरेजवाला बर्फासाठीचे विंटर टायर बदलताना आपले काढून दुसऱ्याचे घालतो अशी त्यांची पक्की समजूत होती, म्हणून ते टायरच्या आतल्या अंगाला खडूने 'वि. गा.' लिहून ठेवायचे. बर्फ ढकलणारा ट्रक आमच्या सगळ्यांच्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग करून जातो, पण काकांच्या मते त्यांचा ढीग मुद्दाम केलेला असायचा. फोनवर व्हॉट्सॲप नाही. अनोळखी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावायचा नाही, कारण व्हायरस. सिनेमे बघायला एक ब्लू-रे प्लेअर घेतला होता तो मुद्दाम इंटरनेटला न जोडता ठेवलेला. "निदान एक वस्तू तरी घरात अशी असू दे, जी बाहेर कोणाशी बोलत नाही," असं ते म्हणत.

प्रभाकाकूंनी हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. "अगं, लग्न झाल्यापासून माझ्या चहाचासुद्धा आधी वास घेतात," त्या सांगायच्या. मला मात्र राग यायचा. अशा माणसाबरोबर एक दिवस काढणं कठीण, काकूंनी जन्म काढला.

या तपासणीतून एकच माणूस सुटलेलं होतं: नाशिकची त्यांची धाकटी बहीण, सुनंदा. वडील लवकर गेले, तेव्हा सुनंदा परकर-पोलक्यात होती. तिला सायकल शिकवली ती दादाने, कॉलेजात नाव घातलं ते दादाने, आणि मुलगा बघायला गेला तोही दादाच. मुलाच्या बाबतीत काकांनी काय काय चौकशा केल्या असतील याची मला कल्पना करवत नाही. पण सुनंदाचं बोलणं मात्र ते तपासल्याशिवाय पुढे सोडत. दर रविवारी फोन. सुनंदा म्हणाली म्हणजे ते तसंच. ही सुनंदा म्हणजे रीतीभातीला फार कडक. पंचांग बघितल्याशिवाय लोणचं घालायची नाही, आणि मुहूर्त म्हणजे मुहूर्त, त्यात कोणाची भीड नाही.

सुनंदाच्या मुलीचं, ऊर्मीचं, लग्न ठरलं, मुहूर्त दोन हजार सतराच्या फेब्रुवारीतला. काकांनी तिकिटं काढली, दोन सूटकेसा भरल्या, आणि जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना खालच्या गुळगुळीत थरावरून पाय सटकला. घोटा असा मोडला की प्लेट घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास नाही.

आता मुलीच्या लग्नात मामा नाही म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. मामाने भाचीला हाताला धरून मांडवात आणायचं, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभं राहायचं. ऊर्मीच्या मागे कोणी चुलतमामा उभा करावा लागणार होता.  पाचव्या दिवशी काकांनी ठरवलं, की पाय जाऊ शकत नाही तर निदान आवाज पाठवायचा. ते स्वतः मंगलाष्टक रचणार, स्वतःच्या आवाजात म्हणणार आणि ते मांडवात लाऊडस्पीकरवर वाजणार.

मग काय विचारता! रोज नाशिकला फोन. एक शब्द बदलला की सुनंदाला पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवायचं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही चाल बसली होती. त्यातली एक ओळ मला अजून आठवते, गेलेल्या आईवरची: "आजी आशिष दे तुला वरुनिया, गोदा जशी वाहते." संशयी माणसाच्या पोटात असं काही असतं याचं मला नवल वाटलं होतं, आणि थोडी लाजही.

रेकॉर्डिंग त्यांनी फोनवर केलं नाही, कारण फोन ऐकतो. कारखान्यात तपासणीच्या नोंदी बोलून ठेवायला त्यांच्याकडे एक जुना जपानी व्हॉइस रेकॉर्डर होता, बोटभर लांबीचा. बेसमेंटच्या वॉशरूममध्ये प्लास्टरचा पाय टबवर ठेवून त्यांनी त्यावर मंगलाष्टक म्हटलं. ती फाइल काकूंनी ईमेलने पाठवली. सुनंदाचं उत्तर आलं, "मिळाली. मांडवात साउंडवाल्याकडे देते." इकडचं काम झालं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी फोन केला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते, काकूंना औषधं आणून द्यायला गेले होते. स्पीकर चालू होता.

"सुनंदा, माझं लागलं का?"

"लागलं ना दादा. सगळ्यांनी ऐकलं. किती छान झालं."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं की."

 काका हळूच म्हणाले, "तू कसं ऐकलंस? तू तर तुळशीपाशी असशील."

माझ्याही मग लक्षात आलं. लग्न लागताना मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नसतं. अक्षता पडेपर्यंत ती आत तुळशीला पाणी घालत बसते. सगळ्याच घरांत हे आता पाळत नाहीत, पण सुनंदा न पाळणारी नव्हती.

तिकडून आवाज आला, "लांबून ऐकू आलं रे. लाऊडस्पीकर मोठा होता." आणि तिने लगेच जेवणाचं सांगायला सुरुवात केली, मठ्ठा किती उरला आणि जिलब्या कशा कमी पडल्या.

काकांनी फोन ठेवला. "खोटं बोलतेय ती," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, अहो, काहीतरीच काय. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारखान्यात एक वाईट भाग सापडला की ते अख्खी खेप अडवून ठेवत. इथेही तेच झालं. सुनंदाचे आधीचे सगळे रविवार त्यांनी पुन्हा पट्ट्यावर चढवले. प्लास्टर निघालं, बर्फ वितळला, तरी त्यांचं एकच चालू: रेकॉर्डिंग लावलंच नाही. व्याह्यांना रडकं वाटलं असेल, नाहीतर चुलतमामाला मान द्यायचा असेल. "मी तिकडे नाही म्हटल्यावर माझा आवाज तरी कशाला हवा त्यांना?" असं बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. रविवारचे फोन आखडत गेले.

सप्टेंबरात नाशिकचा अथर्व नावाचा मुलगा इथल्या कॉलेजात शिकायला आला, त्याच्याबरोबर सुनंदाने लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर पाठवला. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावायची तर शपथच होती. काकांनी तो त्या जगाशी न बोलणाऱ्या प्लेअरला लावला. मला आणि काकूंना समोर बसवलं. म्हणाले, आता दूध का दूध होईल.

चित्र सुरेख आलं. झेंडूच्या माळा, ऊर्मीची पिवळी साडी, गुरुजींची शेंडी, सगळं. आवाज मात्र नाही. टिपूससुद्धा नाही. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला, केबल काढून घातली, दुसरी एक जुनी डिस्क लावून पाहिली. त्या डिस्कला खणखणीत आवाज होता. पुन्हा लग्न लावलं, पुन्हा मुकं. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी येऊन गेली, ऑडिओ नॉट सपोर्टेड म्हणून.

"काका, तुमचा प्लेअर या प्रकारचा आवाज सपोर्ट करत नाहीये," मी म्हटलं. "व्हिडिओवाल्याने आवाज वेगळ्या पद्धतीने भरलाय. फाइल कन्व्हर्ट केली की येईल."

"कंपन्या असंच लिहितात," काका म्हणाले. "बाकी सगळ्याला आवाज येतो, यालाच कसा येत नाही? चित्र येतं आणि आवाज तेवढा येत नाही? काढलाय, देवयानी. मुद्दाम काढलाय. आवाज असता तर कळलं असतं ना, माझं लागलं नाही ते."

मग अथर्वला चहाला बोलावलं आणि बिचाऱ्याची उलटतपासणी झाली. पेनड्राइव्ह कुठल्या बॅगेत होता? वाटेत कोणाला दिला होता का? सुनंदाने देताना काही सांगितलं होतं का? तो पोरगा चहा अर्धा टाकून गेला तो परत त्या घराची पायरी चढला नाही.

आणि मग काकांनी तो मुका व्हिडिओ बघायला घेतला. रोज. थांबवून, मागे नेऊन, लोकांच्या ओठांकडे टक लावून. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा ऊर्मीवर आणि अंतरपाटावर होता, मधूनच पाहुण्यांवर फिरत होता. एका जागी गुरुजी माइकवर हात ठेवतात. एका जागी जाडसर मिशांचा एक गृहस्थ, नवऱ्या मुलाचा काका, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटतो, काहीतरी बोलतो आणि आसपासचे हसतात. मग ऊर्मी रडायला लागते. काकांनी ही तीन चित्रं जोडून पुरी कथा तयार केली होती: मामाचं नाव निघालं, व्याही थट्टा करून हसले, पोरगी रडली, आणि सुनंदाने हे सगळं झाकायला आवाज काढून टाकला. पराचा कावळा म्हणतात तो हाच. पण खरं सांगते, ते दृश्य चार वेळा बघितल्यावर मलाही तो मिशीवाला आवडेनासा झाला. संशय हा सर्दीसारखा आहे, शेजारी बसलं की लागतो.

ऑक्टोबरात भाऊबीज आली. सुनंदा दर वर्षी ताटात निरांजन घेऊन फोनपाशी बसते आणि "ओवाळते रे दादा" म्हणते. तिचं आयुष्यभराचं हे. त्या दिवशी फोन वाजला. काका समोर बसून होते. पुन्हा वाजला. काकू उचलायला गेल्या तर काकांनी त्यांचा हात धरला. हे काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देवयानी, आजवर यांचं सगळं सोसलं, कारण ते सगळं परक्यांशी होतं. ही एकच बहीण आहे त्यांना. त्या व्हिडिओचा आवाज तू आण. मग निघायचं ते निघू दे त्यातून."

तेव्हा मी कंबर कसली. एका शनिवारी सकाळी माझा लॅपटॉप घेऊन गेले. काकांच्या अटी ऐकून माझं डोकं फिरायचं बाकी होतं. पेनड्राइव्ह त्यांच्या घराबाहेर जाणार नाही. काम त्यांच्या डायनिंग टेबलवर, त्यांच्या देखत. वायफाय बंद. कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर फुकटचं आहे म्हटल्यावर, "फुकट का देतात?" यावर पंधरा मिनिटं. आणि सगळ्यात शेवटची अट: लॅपटॉपचा आवाज बंद ठेवायचा. माझ्या लॅपटॉपवर ते मी एका क्षणात ऐकवलं असतं, पण ते ऐकायला तयार नव्हते. "माझ्या प्लेअरवर ऐकेन तेच खरं," ते म्हणाले. मला तेव्हा तो हट्ट वाटला. आता वाटतं, आपल्यावर कोणी हसलं असेल ते आपल्याआधी दुसऱ्याच्या कानांवर पडू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

मी सगळ्यात सोपा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. हिरवी रेघ मुंगीच्या गतीने सरकत राहिली. काकूंनी पोहे केले, ते खाऊन झाले, तरी रेघ अर्ध्यावर. शेवटी फाइल झाली, पेनड्राइव्हवर घेतली, प्लेअरला लावली, आणि सनई वाजली! काकू टाळ्या वाजवायच्याच राहिल्या होत्या. पण काका पुढे सरकून बसले. गणपतिपूजन चाललं होतं. गुरुजींचे ओठ मिटलेले होते आणि मंत्र चालूच होता. नंतर गुरुजी तोंड उघडत होते तर बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

काकांनी टीव्ही बंद केला. "हा आवाज या लग्नातला नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "कुठला तरी आणून चिकटवलाय."

"कोणी?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "काका, मी हॉस्पिटलात नोकरी करते, हेरखात्यात नाही. मला शनिवारी घरात ढीगभर कपडे धुवायचे आहेत. तुमच्या बहिणीने आवाज काढला, मी घातला, अथर्वने वाटेत बदलला, सगळ्या जगाला दुसरा उद्योगच नाही! संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही." आणि लॅपटॉप काखेत मारून घरी आले. दारं आपटण्याची मला सवय आहे.

घरी येऊन राग निवल्यावर मला चूक कळली, आणि ती माझीच होती. सोप्या पर्यायाने आवाजाबरोबर चित्रही नव्याने बनवलं होतं आणि बनवताना त्याची गती किंचित बदलली होती. त्यामुळे चित्र आणि आवाज एकमेकांची वाट चुकले. चित्राला हात लावायची गरजच नव्हती, ते प्लेअरला समजत होतं. ते तसंच ठेवून फक्त आवाज तेवढा प्लेअरच्या भाषेत करायला हवा होता. म्हणजे या वेळी संशयी माणसाचं बरोबर होतं: आवाज खरंच जुळत नव्हता. हे त्यांना सांगायला जाताना माझ्या जिवावर आलं होतं.

पुढच्या शनिवारी गेले. बाहेर बारीक बर्फ पडत होता. काकांनी दार उघडलं, टेबल मोकळं केलं. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं काका, आवाज हलला होता." ते एवढंच म्हणाले, "मला माहीत होतं." पण या वेळी त्यांनी वायफाय बंद करायला सांगितलं नाही. काम झटकन झालं, कारण चित्राला हात लावायचा नव्हता.

सनई वाजली. गुरुजींचे ओठ आणि मंत्र बरोबर पडले. काका मान डोलावत गेले, तपासत गेले. मी म्हटलं, पुढे नेऊ का थेट मंगलाष्टकांवर? "नाही," ते म्हणाले, "मधलं गाळलं की पुरावा जातो." म्हणून आम्ही तिघांनी सीमांतपूजन बघितलं, गौरीहर बघितला, कोणाचं तरी बाळ रडत होतं ते ऐकलं. चुलतमामा ऊर्मीला घेऊन मांडवात आला तेव्हा काकांनी मान दुसरीकडे केली.

गुरुजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली. ऊर्मीच्या आत्याने एक म्हटलं, गोड गळा होता. मग गुरुजींचा आवाज आला, "आता मुलीचे मामा, कॅनडाहून, त्यांच्या आवाजात." काकूंनी माझा हात घट्ट धरला.

खरखर झाली. मग काहीच नाही. मग माइकपासून दूरवर कोणाचा तरी आवाज: "उघडत नाहीये हो गुरुजी. मशीनच घेत नाहीये. कुठलं फॉरमॅट आहे काय माहीत!"

 त्या बोटभर जपानी रेकॉर्डरची फाइल त्या कंपनीच्या यंत्राशिवाय कुठेच उघडत नसते, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. त्यांचा आवाज कोणी काढला नव्हता, तो तिथे उघडलाच नव्हता.

पडद्यावर गुरुजींनी माइकवर हात ठेवला. मिशीवाल्या गृहस्थाने घड्याळावर बोट आपटलं, आणि इतके दिवस नुसते हलणारे त्याचे ओठ बोलले, "राहू द्या हो. मामा काय, नंतर फोनवर ऐकवतील! मुहूर्त टळतोय." लोक हसले.

"बघ!" काका ओरडले. "बघ, म्हटलं नव्हतं मी? हसतायत! माझ्यावर हसतायत!" त्यांचं सगळं खरं निघालं होतं, शब्द न् शब्द, आणि माणूस खरा ठरल्यावर इतका उद्ध्वस्त झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी रिमोट उचलला.

"थांबा."

हे टीव्हीतून आलं. बाईचा आवाज, दम लागलेला.

काकांचा हात तसाच राहिला. "सुनंदा?" ते म्हणाले. "ती इथे कशी? ती तर तुळशीपाशी..."

पडद्यावर ती नव्हतीच. कॅमेरा ऊर्मीवर होता. ऊर्मीने मान वळवून बाजूला कुठेतरी पाहिलं. गुरुजींचा आवाज आला, "ताई, तुम्ही आत जा. मुलीच्या आईने इथे थांबायचं नसतं."

"माहीत आहे मला. माइक द्या इकडे."

"अहो, पण मुहूर्त जातोय!" हा मिशीवाला.

"जाऊ दे गेला तर. आमच्यात मामाशिवाय लग्न लागत नाही."

आणि सुनंदाने मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली. गळा अगदी साधा, वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. पण फोनवर ऐकून ऐकून तिला शब्द न् शब्द पाठ झाला होता. आजी आशिष दे तुला वरुनिया म्हणताना ऊर्मी रडायला लागली. ते रडणं आम्ही महिना दीड महिना बघत होतो आणि त्याचा भलताच अर्थ लावत होतो. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. काकूंनी तर पदरच लावला डोळ्यांना.

शेवटाकडे सुनंदा जरा थांबली, घसा साफ केला आणि म्हणाली,

"मामा दूर हिमात हा अडकला, चित्ती परी येथला..."

काका उठून उभे राहिले. "ही ओळ मी काढली होती," ते म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये नाहीच ही. शुभकार्यात रडगाणं नको म्हणून शेवटच्या फोनवर मीच तिला म्हटलं होतं, ही काढतो. तिने ठेवली. प्रभा, तिने ठेवली ती ओळ."

सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. त्या गलक्यात कोणी तरी म्हणत होतं की टळला मुहूर्त, आता काय करायचं. सुनंदाचं उत्तर वाजंत्रीत बुडून गेलं. पंचांगाशिवाय लोणचं न घालणाऱ्या बाईने आपल्या एकुलत्या एक मुलीचा मुहूर्त चारशे माणसांत घालवला होता, आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून ते त्याच्यापासून लपवलं होतं.

नाशिकला तेव्हा संध्याकाळ उलटली होती. काकांनी फोन लावला. स्पीकर चालूच असायचा त्यांचा, कारण कानाला लावला की फोन तापतो. मी उठू लागले तर काकूंनी बसवून घेतलं.

"दादा?" सुनंदाच्या आवाजात भीती होती. इतक्या दिवसांनी फोन म्हणजे काही वाईट तर नाही ना, अशी.

"मुहूर्त टळला होता ना?" काकांनी विचारलं.

 "कोण म्हणालं तुला?"

"ऐकलं आत्ता. सगळं ऐकलं."

"दादा, तुझं लागलं नाही रे. खूप खटपट केली त्या पोराने. तुला कसं सांगू म्हणून खोटं बोलले. आणि मग तू फोनच..." तिचा आवाज मोडला. "भाऊबीजेला ताट घेऊन बसले होते मी."

काकांनी टेबलाची कड धरली होती. "खोटं बोलतेयस हे मला त्याच दिवशी कळलं होतं, सुनंदा," ते म्हणाले. "खोट्याच्या खाली काय आहे, ते आत्ता कळलं. चुकलो मी. फार चुकलो."

नंतर तिकडून काही आलं नाही आणि इकडून काही गेलं नाही. फोन चालू होता, त्यावरचे आकडे सरकत होते, आणि आवाज का येत नाही असं काकांनी कोणालाही विचारलं नाही.